बिरोबाच्या चढावरची सावड

एकोणतीस वर्षांपूर्वी आलेलं एक निळं आंतरदेशीय पत्र कुंभोजकर सरांच्या टेबलाच्या डाव्या खणात, लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या पुस्तकात पडून होतं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, चांगलं सात वेळा. पोस्टात टाकलं नव्हतं. पहिला मसुदा फार तुटक वाटला. दुसरा फार लांबला. तिसऱ्यात 'कदाचित' हा शब्द पाच वेळा आला म्हणून तो बाजूला ठेवला. मग उशीर झाल्याबद्दल क्षमा मागायची म्हणून नवी सुरुवात, आणि ती जमेपर्यंत आणखी उशीर. असं करता करता सर निवृत्त झाले, ऐंशी ओलांडली, आणि आंतरदेशीय पत्रंही बंद झाली.

पत्र शमीम मुजावर नावाच्या विद्यार्थिनीचं होतं. सर तेव्हा अंबेरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहतुकीचं गणित शिकवायचे. नदीवरच्या पुलाकडे जाणारा बिरोबाचा चढ ऊस गाळपाच्या हंगामात तुंबायचा. तिथे गाडीला सरासरी किती वेळ लागेल याचं सरांनी एक सूत्र बसवलं होतं. सूत्र म्हणे चार मिनिटं. शमीम बारा दिवस चढाच्या पायथ्याला बाभळीखाली वही घेऊन बसली आणि तिने मोजलं: अकरा मिनिटं. पत्रात तिने सगळी कोष्टकं दिली होती आणि शेवटी एक शंका विचारली होती. ती शंका सरांना आता शब्दशः आठवत नव्हती. ती वाचता वाचता हातातला चहा गार झाला होता, एवढंच आठवत होतं.

सूत्र मात्र पुढे निघून गेलं. राज्याच्या रस्तेनियमावलीत 'कुंभोजकर सूत्र' म्हणून छापलं गेलं. चारचौघांत बोलायची वेळ आली की ज्यांच्या तळहाताला घाम सुटायचा, त्या श्रीपाल कुंभोजकरांचं जगात छापील नाव असं तेवढंच.

"अहो, तुमचं नाव आलंय पेपरात," ऑक्टोबरमधल्या एका सकाळी पद्माताई म्हणाल्या.

"मृत्युलेखांत?"

"तिथे यायलाही आधी काहीतरी करावं लागतं. ऐका." त्यांनी चष्मा सारखा केला. "गावातल्या जुन्या रुग्णालयातला हृदयविकाराचा तातडीचा विभाग एक नोव्हेंबरपासून बंद. सगळं नदीपलीकडच्या नव्या रुग्णालयात. रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत पलीकडे पोचली पाहिजे अशी आरोग्य समितीची अट होती. 'आरसा' या यंत्रणेने नऊ मिनिटं सांगितली. कुंभोजकर सूत्रानेही नऊच मिनिटं आली. दोन स्वतंत्र पद्धतींचं उत्तर जुळल्यामुळे समितीने प्रमाणपत्र दिलं आहे, असं आरसाच्या प्रमुख डॉ. शमीम मुजावर यांनी सांगितलं." त्यांनी पेपर खाली ठेवला. "ही तुमचीच ना? डब्यातून बोरं आणायची ती?"

"तीच," सर म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पद्माताईंच्या छातीत दुखायला लागलं होतं. जुनं रुग्णालय तीन गल्ल्यांवर. रिक्षाने चार मिनिटांत पोचले. आणखी पाऊण तास लागला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले होते आणि पुढच्या झटक्याला तेवढीही सवलत मिळणार नाही असंही.

"नऊ मिनिटं म्हणजे काय विशेष नाही," पद्माताई म्हणाल्या. "तेवढ्यात मी तांदूळसुद्धा निवडत नाही."

सरांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना खटकलं ते दुसरंच. पस्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात त्यांचं उत्तर पहिल्या फटक्यात दुसऱ्या कुणाशी जुळल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि इथे तर वाटा इतक्या वेगळ्या.

रस्त्यावरची गर्दी समजून घ्यायच्या दोन वाटा आहेत. सरांची वाट जुनी. तिच्यात गाड्या वेगवेगळ्या दिसतच नाहीत; कालव्यातल्या पाण्यासारखा एक प्रवाह दिसतो. मिनिटाला किती गाड्या येतात आणि रस्ता मिनिटाला किती पुढे सोडू शकतो, अशी दोन अक्षरं. येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या ताकदीहून बऱ्याच कमी असतील तोवर सगळं सुरळीत. त्या ताकदीच्या जवळ गेल्या की रांग हळूहळू वाढत नाही, उसळते. रस्ता शंभर गाड्या सोडू शकत असेल, तर नव्वद आल्यावर जेवढं थांबावं लागतं त्याच्या जवळपास दुप्पट पंचाण्णव आल्यावर थांबावं लागतं. हे कागदावर चार ओळींत दिसतं, आणि का होतं तेही दिसतं. त्याची किंमत म्हणजे कागदावरचे सगळे ड्रायव्हर सारखेच शहाणे धरावे लागतात.

शमीमची वाट नवी. तिच्या आरशात अंबेरीतली प्रत्येक गाडी वेगळी होती. कोण पुढच्याच्या शेपटाला चिकटून चालवतो, कोण चौकात उगाच थबकतो, दुधाची गाडी कुठल्या दाराशी किती थांबते, हे सगळं कॅमेऱ्यांच्या नोंदींतून घेऊन संगणकात अख्ख्या शहराची नक्कल उभी राहायची आणि उद्याचा दिवस दहा हजार वेळा जगून बघायची. मग आरसा आकडा सांगायचा. अंबेरीला त्याची इतकी सवय झाली होती की वरात कधी काढायची हे लोक नवरदेवाला सोडून आरशाला विचारत. आकडा बहुधा खरा निघायचा. तो का तसा, हे मात्र आरसा सांगायचा नाही. दहा हजार दिवस उलगडून बघणार कोण?

एका वाटेने का ते कळतं, दुसरीने किती ते कळतं. आणि दोन्ही नऊ मिनिटं म्हणत होत्या. सरांनी पेन्सिलीला टोक केलं.

आरशाच्या कच्च्या नोंदी कुणालाही बघायला खुल्या होत्या. बघत कुणीच नसे. जुन्या पुलाशेजारचा नवा पूल फेब्रुवारीत सुरू झाला आणि मार्चअखेर गाळप संपलं, म्हणजे ऊसवाहतुकीचे जेमतेम सहा आठवडे आरशाने पाहिले होते. सरांनी त्यातला एक दिवस घेतला, बारा मार्च. चढाच्या पायथ्याच्या कॅमेऱ्याने वर जाणारे उसाचे ट्रॅक्टर मोजले होते तीनशे अठरा. माथ्याच्या कॅमेऱ्याने मोजले होते सहाशे बारा.

सरांनी आकडे पुन्हा उतरून घेतले. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून पद्माताईंनी विचारलं. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांच्या घरचा नेम होता आणि सर ताटावर आले नव्हते.

"वर्गात पहिल्या दिवशी मी एकच वाक्य सांगायचो. गाडी रस्त्यात जन्माला येत नाही आणि रस्त्यात मरत नाही. खालून तीनशे अठरा आत शिरले. वरून सहाशे बारा बाहेर पडले. हे खरं असेल तर पुलापलीकडे रोज संध्याकाळी जवळजवळ तीनशे ट्रॅक्टरांचा डोंगर साचायला हवा."

"आरशाच्या लोकांना हे दिसलं नसेल?"

"दिसलंय. खाली टीप दिली आहे. 'माथ्यावरचा कॅमेरा ट्रॉलीलाही ट्रॅक्टर समजतो. दुरुस्ती करून तीनशे अठरा.'"

"मग झालं की."

"कसं होईल? एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. ट्रॉलीला ट्रॅक्टर समजला असता तर आकडा तिप्पट यायला हवा. हा तर दुपटीलाही कमी आहे." सर थांबले. आता पुढे काय येणार ते पद्माताईंना ठाऊक होतं.

"'माझंच काहीतरी चुकत असेल,'" त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणून टाकलं. आता पुढचं बोला, आणि जेवता जेवता बोला."

जेवण झाल्यावर सरांनी डावा खण उघडला. पत्राच्या घड्या विरल्या होत्या. शेवटी, जागा उरली नाही म्हणून कडेने उभ्या लिहिलेल्या ओळी होत्या:

'सर, एक शंका आहे. वर गेलेला ट्रॅक्टर मला थोड्या वेळाने पुन्हा खाली दिसतो. तो वर गेला तेव्हा मी एक रेघ मारली. पुन्हा वर जाईल तेव्हा दुसरी मारायची का? आणि उलट्या अंगाने खाली येताना तो जेवढा रस्ता अडवतो, तो तुमच्या सूत्रात कुठे आहे? मला सापडला नाही. माझंच काहीतरी चुकत असेल.'

हे शेवटचं वाक्य सर स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणत. दुसऱ्याच्या अक्षरात, बावीस वर्षांच्या मुलीच्या अक्षरात ते वाचताना त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बिनड्रायव्हरच्या बसने बिरोबाच्या माथ्यावर गेले. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. देवळामागे एक धिप्पाड गृहस्थ ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्याला हातोड्याने ठोकत बसला होता. सर तीन वेळा त्याच्याजवळ गेले आणि तीन वेळा देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखं करून पुढे सरकले.

"नवस बोलायचाय का मास्तर?" तो हातोडा न थांबवता म्हणाला. "चौथ्या फेरीला नारळ लागतोय."

त्याचं नाव धोंडिराम खोत. तीस वर्षं याच चढावर ऊस ओढणारा. सरांनी घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. हंगामात वर आलेला ट्रॅक्टर परत खाली जातो का?"

"जातो की. सावड हाय न्हवं."

"आता तर बॅटरीचे ट्रॅक्टर आलेत. तेही एकटे चढत नाहीत?"

"बॅटरी आली म्हणून चढ सपाट झाला का? बॅटरी आली तसा कारखान्यानं ट्रॉलीत दोन टन ऊस वाढवला. चढ जिथल्या तिथं." धोंडिरामने हातोडा ठेवला आणि जमिनीवर दोन दगड मांडले. "ह्यो मी, ह्यो सदू. खाली बाभळीपाशी माझ्या ट्रॉल्या सोडायच्या. सदूच्या म्होरं माझा ट्रॅक्टर जोडायचा. दोघांनी मिळून सदूचा ऊस वर आणायचा, हितं बिरोबापाशी उभा करायचा. मग दोघंबी खाली. मग दोघांनी माझा ऊस वर. आमचा आज्जा बैलं जोडून हेच करत हुता. एकाच्या बैलानं चढ निघत न्हाई, मग आज तुझा बैल मला, उद्या माझा तुला."

"खाली कुठून जाता? उतरायचा रस्ता दुभाजकाच्या पलीकडे आहे."

"त्यो धरायचा तर चार किलोमीटर म्होरं जाऊन वळायला लागतंय. सावड हुईस्तवर दिवस मावळंल. ह्याच बाजूनं उलटं उतरायचं, कडंकडंनं."

"आणि पोलीस?"

"पोलीस शिट्टी मारतो."

"थांबवायला?"

"वाट करून द्यायला!" धोंडिराम खदखदून हसला. "त्येचा भाऊबी ऊसच ओढतोय."

"सावड न करता एकटेच चढणारे किती असतील?"

"दिसाला वीस-पंचवीस. अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीचे, न्हाईतर ज्येचं कुणाशी पटत न्हाई असे."

परतीच्या बसमध्ये सरांनी हिशेब मांडला. सावडीतला प्रत्येक ट्रॅक्टर दोनदा वर जातो आणि एकदा उलटा खाली येतो. खालचा कॅमेरा बाभळीच्या अलीकडे, म्हणून त्याला तो एकदाच दिसतो; माथ्यावरच्याला दोनदा. म्हणजे सहाशे बारामधून तीनशे अठरा वजा केले की उरतात ते उलटे उतरलेले: दोनशे चौऱ्याण्णव. आणि एकटे चढणारे, तीनशे अठरामधून दोनशे चौऱ्याण्णव वजा: चोवीस. वीस-पंचवीस! सरांनी बसमध्येच हात आपटला. शेजारची बाई दचकली. कित्येक वर्षांत त्यांना आपल्या आकड्याबद्दल एवढी खात्री वाटली नव्हती. बसच्या तिकिटामागे त्यांनी '१२ मार्च, २९४' असं लिहिलं आणि घरी न जाता ते थेट आरशाच्या इमारतीपाशी उतरले.

तिथे मात्र पाय अडखळले. काचेचं दार. आत सगळे तरुण. त्यांनी घरी फोन लावला.

"मी उद्या येऊ का म्हणतो. आज कामात असेल ती."

"एकोणतीस वर्षं कामात असेल?" पद्माताई म्हणाल्या. "आत जा. आणि हे बघा, रात्री माझ्या छातीत दुखलं तर मला कुठे न्यायचं, ते विचारल्याशिवाय घरी येऊ नका."

शमीम धावत बाहेर आली. एक्कावन्नाव्या वर्षी केस पांढरे, चालणं तसंच, बाणासारखं. सरांच्या पायाला हात लावून ती म्हणाली, "सर, तुम्ही! पेपर वाचलात ना? तुमचं नऊ, माझं नऊ. मला रडू आलं हो. मी आयुष्यभर तुमच्या सूत्राशी भांडत आले आणि शेवटी तुमच्याशीच येऊन मिळाले."

एवढ्या आनंदावर पाणी ओतायचं सरांच्या जिवावर आलं. आत गेल्यावर ते टेबलावर उजळलेल्या, आरशातल्या शहराकडे बघत राहिले. मुंगीएवढ्या गाड्या खऱ्यासारख्या अडत होत्या, सुटत होत्या.

"शमीम," ते अखेर म्हणाले, "तू पुसलेल्या गाड्या कुठे ठेवतेस?"

"पुसलेल्या?"

"मी खोडलेले कागद टाकत नाही. तूही टाकत नसशील. माझीच विद्यार्थिनी आहेस."

ती हसली. "कॅमेऱ्याला चुकून दिसलेल्या गाड्या आपोआप वगळल्या जातात. सावल्या, प्रतिबिंबं, असलं काही. यादी असते, पण तिच्यात कुणी बघत नाही."

"बारा मार्च बघ. बिरोबाचा चढ."

शमीमने यादी उघडली. वगळण्याचं कारण सगळीकडे एकच होतं: वाहन उलट दिशेने, सावलीचा दोष. खाली बेरीज होती. दोनशे चौऱ्याण्णव.

सरांनी बसचं तिकीट पालथं करून टेबलावर ठेवलं.

शमीमने तिकीट पाहिलं, पडदा पाहिला, पुन्हा तिकीट पाहिलं. "हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला?"

"वजाबाकी केली. आणि ही वजाबाकी का करायची, ते तू सांगितलं होतंस." त्यांनी खिशातून निळं पत्र काढलं.

तिने ते वाचलं. कडेच्या उभ्या ओळींपर्यंत आली तेव्हा तिने पत्र आडवं फिरवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. "सावड," ती हलकेच म्हणाली. "मी बारा दिवस डोळ्यांनी बघितली होती सर. आणि गाडी उलटी जाऊ शकत नाही या नियमावर सही करताना मला आठवलीसुद्धा नाही. तुमच्या कागदावर गाडी मागे फिरत नव्हती, मी माझ्या आरशातही ती फिरू दिली नाही."

"म्हणून आपलं उत्तर जुळलं," सर म्हणाले. "आपण दोघं एकच ट्रॅक्टर विसरलो. दोन साक्षीदार एकाच खिडकीतून बघत असतील तर साक्ष एकच धरावी लागते."

शमीमने तो नियम काढून टाकला आणि आरशाला बारा मार्च पुन्हा जगायला सांगितलं. चहा आला आणि निम्मा झाला, तोवर पुसलेले ट्रॅक्टर चढावर परतले. टेबलावरच्या चढाच्या डाव्या कडेने मुंग्यांची एक ओळ उलटी उतरू लागली, तिच्यासाठी बाकीच्या आत सरकू लागल्या, आणि पायथ्याशी रांग फुगत फुगत पेठेतल्या चौकापर्यंत गेली. रुग्णवाहिकेचा ठिपका त्या रांगेत शिरला आणि थांबला.

सरासरी तेवीस मिनिटं. वाईट दिवशी चौतीस.

"बंद कर ते," सर म्हणाले. त्या ठिपक्यात कोण आहे हे त्यांना दिसत होतं.

शमीम उठून खिडकीपाशी गेली. "अडचण अशी आहे सर. यंत्रणेचा आकडा बदलला तर तो पुन्हा तपासून घ्यायला नियमाप्रमाणे तीन महिने लागतात. तोवर जुनं प्रमाणपत्र चालू राहतं, आणि विभाग एक तारखेला बंद होतो. पण प्रमाणपत्र दोन पायांवर उभं आहे. एक माझा, एक तुमचा. सूत्राच्या कर्त्याने चढांसाठीचं सूत्र मागे घेतलं, तर दुसरा पायच उरत नाही. प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द. विभाग उघडा राहील. सोमवारी समितीची बैठक आहे, मी स्वतः कागद मांडते."

"मी आत्ता तोंडी सांगतो की."

"सूत्र दिलंत तेव्हा सही करून दिलंत ना? मागे घ्यायलाही सहीचा कागद लागेल."

"आणि तुझ्या आरशाचं काय?"

"आरसा फुटत नाही. माझं नाक कापलं जाईल."

"माझंही जाईल."

"मग बरं आहे," शमीम म्हणाली. "सोबत होईल." दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती थांबली. "आणि सर, माझ्या पत्राचं उत्तर राहिलंय. एकाच कागदात दोन्ही कामं होतील. पण पोस्टाने पाठवा. मी पोस्टानेच विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर कोरा कागद घेऊन बसले आणि नेहमीची भीती येऊन शेजारी बसली. एकच तर नाव छापलं गेलं होतं, तेही आता आपल्याच हाताने खोडायचं. शिवाय त्या यादीत खरंच सावल्या असतील तर? धोंडिरामने थट्टा केली असेल तर?

"नावाची काळजी करताय?" पद्माताई दारात उभ्या होत्या.

"थोडी."

"पन्नास वर्षांत मी तुमचं नाव एकदा घेतलं, ते उखाण्यात. तेही तुमच्या मामेबहिणीने हात धरून ठेवला म्हणून. काय अडलं आपलं?" त्या पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या.

सरांनी तिकीट पुढ्यात ठेवलं. दोनशे चौऱ्याण्णव. तो आकडा आधी त्यांनी लिहिला होता आणि नंतर यंत्राने दाखवला होता. त्याच्यावर शंका घ्यायला कुठे फटच नव्हती. ते लिहू लागले.

'प्रिय शमीम, अनेक आशीर्वाद.

तुझं ३ फेब्रुवारीचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

तुझी मोजणी बरोबर आहे. माझं सूत्र चढावर चुकतं, कारण त्यात मी गाडीला मागे फिरायला जागाच ठेवली नाही. चढांसाठीचं कुंभोजकर सूत्र मी या पत्राने मागे घेत आहे. हे पत्र समितीपुढे ठेवावं.

तुझ्या शंकेचं उत्तर: हो, दुसरी रेघ मारायची. आणि खाली येणाऱ्याची तिसरी, उलट्या चिन्हाची. तो जेवढा रस्ता अडवतो तेवढी रस्त्याची ताकद कमी धरायची. कसं ते मागच्या पानावर मांडलं आहे.

नवा पूल झाल्यापासून जुन्या पुलाकडून खाली येणारा उतार बंद आहे. तो सावडीच्या ट्रॅक्टरांना उतरायला उघडून दिला, तर माझ्या हिशेबाने रुग्णवाहिकेला दहा मिनिटं लागतील. हे खरं धरू नकोस, आरशात घालून बघ. आरसा म्हणेल तेही खरं धरू नकोस. धोंडिराम खोतांना विचार, ते तिथून उतरतील का. आणि हंगाम सुरू झाला की वही घेऊन बाभळीखाली बस. मीही येतो. माझ्या सूत्राने एकट्याने हा चढ निघत नाही, तुझ्या आरशानेही निघत नाही.

तुझं काहीही चुकत नव्हतं.

श्रीपाल कुंभोजकर'

पद्माताईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा वरून खाली बोट फिरवलं.

"काय शोधतेस?"

"एकदाही 'कदाचित' नाही. बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

अंबेरीत टपाल आता आठवड्यातून दोनदाच निघायचं, आणि शुक्रवारी सकाळी अकराला निघालेलं शनिवारी गावात वाटलं जायचं. शुक्रवारी दहा वाजता दोघं चालत निघाले. जुन्या रुग्णालयावरून जाताना तातडीच्या विभागाच्या दारात रंगारी शिडी लावून पाटी उतरवायच्या तयारीत होता.

"अहो, घाई करू नका," पद्माताई त्याला म्हणाल्या. "सोमवारपर्यंत थांबा."

"वरून हुकूम आलाय आज्जी."

"दुसरा निघालाय." त्यांनी सरांच्या खिशाकडे बोट दाखवलं. रंगाऱ्याला काही कळलं नाही, पण बिडी ओढायला निमित्त मिळाल्यावर तो शिडीवरून उतरला.

पोस्टाच्या पायरीशेजारी लाल पेटी होती. आतल्या कारकुनाने पाकीट तोललं, तिकीट लावलं आणि परत दिलं. "पेटीत टाका आजोबा. अकराला उघडतो."

सर पेटीपुढे उभे राहिले. पाकीट तोंडाशी नेलं. अशा वेळी आजवर सात वेळा त्यांचा हात मागे आला होता.

"पुन्हा एकदा वाचायचंय का?" पद्माताईंनी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "बरोबर आहे ते."

आणि त्यांनी पाकीट सोडून दिलं.